मदत हवी आहे: धडा कोणता ते न सांगता फिजिक्सचा प्रश्न सोडवायची सवय कशी लागेल?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो, कापूस-तुरीची शेती आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली. तिला आयसरला (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्र सरकारी संस्था) जाऊन फिजिक्सच शिकायचंय. मी केमिस्ट्रीत बीएस्सी करून शेती बघतो, त्यामुळे माझी मदत थोड्याच अंतरापर्यंत पुरते.

क्लासमध्ये आधी धडा, मग सूत्र, मग त्याच सूत्रावरची गणितं. ती तिला भराभर येतात. मिश्र प्रश्न आला की मात्र पेन थांबतो. परवा गुळगुळीत टेबलाच्या कडेवरून घसरणाऱ्या साखळीचा प्रश्न होता: पूर्ण सुटेल तेव्हा वेग किती? बराच वेळ बसून तिनं विचारलं, "दादा, हा कोणत्या धड्यातला आहे?" साखळीचा सेंटर ऑफ मास (वस्तुमानाचा मध्यबिंदू) किती खाली गेला ते बघ, एवढंच सांगितलं आणि पुढचं तिनं एकटीनं केलं. आयसरच्या प्रवेश परीक्षेत 3 तासांत 60 प्रश्न असतात, त्यातले 15 फिजिक्सचे, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात. तिथं एवढंसुद्धा सांगणारं कोणी नसेल.

हीच पोरगी वावरात कशी विचार करते ते सांगतो. आमच्या विहिरीत 5 एचपीची पाण्यातली मोटर आहे. शेतीची लाईन आली तेव्हा तिनं 200 लिटरचा ड्रम लावला, तो 25 सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदाला 8 किलो पाणी, 15 मीटर वर. 8 गुणिले 9.8 गुणिले 15, साधारण 1,200 वॅट. 5 एचपी म्हणजे मोटर तर जवळपास 3,700 वॅटची! "मंग बाकीची ताकद गेली कुठी?" पाण्याच्या वेगात गेली असेल म्हणून तिनं अडीच इंची पाइपावरून वेग काढला, तर त्यात जेमतेम 25 वॅट निघाले. मग पाइपातलं घर्षण, पंपाची स्वतःची कार्यक्षमता, रात्री उशिरापर्यंत हेच चाललं होतं. हे तिला कोणीच शिकवलेलं नाही. म्हणून मला खात्री आहे की डोकं आहे, वाट दाखवणारं कोणी नाही.

ज्यांनी ही वाट पार केली आहे त्यांना विचारतो. अडलेल्या प्रश्नावर किती वेळ बसू द्यावं? दोन दिवस सोडून परत घेतलेला चालतो का? मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फिजिक्स ऑलिंपियाडचे (शाळा-कॉलेजच्या मुलांची अवघड प्रश्नांची स्पर्धा) जुने पेपर उत्तरांसकट मोफत आहेत. ते आता काढावेत, की बारावीच्या वर्षात इतके लांब प्रश्न घेतले तर ती खचेल? आणि पंपासारखे घरचे प्रश्न मुद्दाम घेत राहिलं तर परीक्षेतल्या प्रश्नांना त्याचा खरंच उपयोग होतो का? माझं मन हो म्हणतं, पण तिचं वर्ष पणाला लागलंय, म्हणून अनुभवी माणसांकडून ऐकायचंय.

कोटा-नागपूरचे क्लास सुचवू नका, तेवढी ऐपत नाही. आठवड्यातून एखादा प्रश्न पाठवून तिच्या पद्धतीवर दोन ओळी लिहिणारं कोणी भेटलं तर फार मोठी मदत होईल. उत्तर मराठीत द्या किंवा इंग्रजीत, धागा ती स्वतः वाचणार आहे.