मदत हवी आहे : लाल मुंग्यांची कच्ची चटणी आणि कोळंबीची ॲलर्जी

नमस्कार. मी मूळची रत्नागिरीची, सध्या नोकरीनिमित्त भामरागडला (गडचिरोली) आहे. इथले माडिया लोक झाडावरची लाल मुंग्यांची घरटी पाडून, मुंग्या अंड्यांसकट मिरची-मीठ घालून पाट्यावर वाटतात. म्हणजे आपल्या आंब्यावरचे ओंबील हो! शेजारच्या काकूंनी वाटीभर चटणी आणून दिली. आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा, चव झकास. नाक मुरडणाऱ्यांनी कृपया हा धागा सोडावा. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय.

अडचण नवऱ्याची आहे. त्याला कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात. कीटकांत आणि कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं सारखंच प्रथिन असतं, त्यामुळे अशांना कीटकांचीही ॲलर्जी येऊ शकते, असं वाचलं. भाजून घेतलं तरी हा धोका राहतो का? कोणाला प्रत्यक्ष अनुभव?

दुसरं, माझी पाच वर्षांची मुलगी इथल्या पोरांबरोबर जिवंत मुंग्या थेट तोंडात टाकते. जंतू, परजीवी यांची भीती वाटते. शेताच्या बांधावरची घरटी मी टाळायला सांगितलीत, फवारणी होते म्हणून. मुंग्या तव्यावर परतून वाटल्या तर पुरेल, की आधी उकळायला हव्यात? काकूंना न दुखवता कसं सांगू, तेही सुचवा.