जि. प. शाळेचा पट वाढला, खोल्या चारच. वाढीव वर्गखोल्यांचा प्रस्ताव कसा करावा?

पारावरचा:
खेड तालुक्यातली (जि. पुणे) जि. प. प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी. चाकण एमआयडीसीमुळे भाड्याने राहणारी कुटुंबं वाढली आणि पट 148 वर गेला. खोल्या चार आहेत: दोन आरसीसी, दोन जुन्या दगडी, पत्र्याच्या. दगडीपैकी एक गळते, भिंतीला उभी भेग आहे, म्हणून बंद ठेवलीय. तिसरी-चौथी एकत्र बसतात. शाळा व्यवस्थापन समितीला दोन खोल्या वाढवायच्या आहेत. आरसीसी खोल्यांवर मजला चढेल का? आणि असा प्रस्ताव नेमका कुठे अडतो?

खडूफळा:
आधी यू-डायसची (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंद बघा. बंद खोली तिथे अजून 'सुस्थितीत' दिसत असेल, तर कागदावर तुमच्याकडे चार चांगल्या खोल्या आहेत आणि मागणी तिथेच कापली जाते. मुख्याध्यापकांकडून शाळेचं रिपोर्ट कार्ड मागून घ्या आणि नोंद दुरुस्त करून घ्या.

त्याच वेळी निर्लेखनाला (खोली वापराबाहेर काढून पाडण्याची सरकारी मंजुरी) हात घाला. जि. प. बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा खोली धोकादायक असल्याचा दाखला, भेगेचे फोटो आणि समितीचा ठराव जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव पाठवा. मंजुरी हातात येईपर्यंत एक पत्राही काढू नका. दगड, पत्रे, लाकूड ही जि. प.ची मालमत्ता आहे. परस्पर पाडलं की चौकशी मागे लागते आणि खोल्या राहतात बाजूला.

आता 148 चा हिशोब. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी 121 ते 200 मुलांना पाच शिक्षक, आणि 150 च्या वर गेल्यावर स्वतंत्र मुख्याध्यापक. दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, शिवाय कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापक मिळून एक खोली. तुमच्या सुस्थितीतल्या खोल्या तीन. म्हणजे तूट दोन वर्गखोल्या आणि एक कार्यालय. 'खोल्या कमी पडतात' असं मोघम न लिहिता ठरावात हेच आकडे घाला.

वस्तीवर शाळाबाह्य मुलं असतील तर त्यांना आजच दाखल करा. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला (कलम 5) किंवा वयाचा पुरावा नाही (कलम 14) म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मात्र आधारवरचं नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याची दरवर्षीची मोजणी) ते मूल गळतं, म्हणून सप्टेंबरअखेरच्या आत या नोंदी जुळवून घ्या.

मुरूम:
मजल्याबद्दल. दगडी खोल्यांचा विचारच सोडा. आरसीसीचं उत्तर पायात आहे: एका फूटिंगलगत (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) खड्डा घेऊन त्याची लांबी-रुंदी, खोली आणि खालची माती बघायला लागते. काळ्या मातीवर टेकलेलं असेल तर नको. गच्चीवर कॉलमच्या सळ्या सोडलेल्या दिसतात म्हणून लोक निर्धास्त होतात, पण त्या गंजून बारीक झालेल्या असतात, आणि सळ्या सोडल्या म्हणजे पाया दोन मजल्यांचा आहे असंही नाही. मूळ नकाशा मिळाला नाही तर स्ट्रक्चरल ऑडिटशिवाय पुढे जाऊ नका.

मजला चढलाच तर जिना किमान 1.5 मीटर रुंद हवा आणि पहिली-दुसरी खालीच बसवा. कठड्याला आडव्या पट्ट्या नकोत, मुलं त्यांची शिडी करतात. उभ्या सळ्या, मधलं अंतर चार इंचांच्या आत.

जागा असेल तर निर्लेखित खोलीच्या जागी तळमजल्यावरच बांधलेलं मला बरं वाटतं. 20 बाय 25 फुटांची खोली म्हणजे 500 चौरस फूट, 40 मुलांना माणशी साडेबारा. जोतं (जमिनीपासून खोलीच्या फरशीची उंची) दीड फूट असेल तर रॅम्पला 1:12 उतारानं अठरा फूट लांबी लागते. अंदाजपत्रकात ती धरली नाही की शेवटी घसरगुंडीसारखा उभा रॅम्प होतो आणि चाकाची खुर्ची चढत नाही.

स्लॅब पाच इंची धरला तर एका खोलीला सुमारे सहा घनमीटर काँक्रीट. त्यातून क्यूबचे (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) दोन नमुने भरून घ्या, प्रत्येकी तीन क्यूब. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा दिवस पाणी हवं. गावाकडे इथेच घोटाळा होतो: तिसऱ्या दिवशी टँकर बंद, आणि पुढच्या पावसात गळती.

पारावरचा:
दोघांचे मनापासून आभार. एक अडचण: शाळेची जागा दान दिलेली आहे, पण सातबाऱ्यावर अजून देणाऱ्यांचंच नाव आहे.

खडूफळा:
मग सगळ्यात आधी हेच. नोंदणीकृत बक्षीसपत्र करून फेरफार मंजूर करून घ्या. देणारे हयात नसतील तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. हे होईपर्यंत प्रशासकीय मान्यतेची फाईल परत येत राहील. निधीसाठी समग्र शिक्षा (शाळांसाठीची केंद्र-राज्याची योजना) आणि जिल्हा नियोजन समिती दोन्हीकडे मागणी ठेवा, पण एकाच खोलीला दोन्हीकडून मंजुरी आली तर एक लेखी परत करा.

आणि स्वच्छतागृह त्याच अंदाजपत्रकात घाला: साधारण 40 मुलांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या, मुलींचं वेगळं. 148 ला किमान चार शौचालयं होतात. नंतर घेऊ म्हटलं की त्याला वेगळी फाईल आणि वेगळं वर्ष लागतं.