एस. के. बोले रोडवर माहितीफलक लावतोय, मजकुरासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दादर पश्चिमेला एस. के. बोले रोडला राहतो, पोर्तुगीज चर्चकडून आगर बाजारला जातो ना, तोच रस्ता. मंगळवारी सिद्धिविनायकाला जाणारी केवढी गर्दी इथून जाते, पण हे बोले कोण ते फारसं कुणाला माहीत नसतं. मुलीने विचारलं म्हणून मी वाचायला लागले आणि मग सोसायटीच्या मीटिंगमधे विषय काढला. कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने, तीन बाय दोन फुटांचा फलक लावायचं ठरलंय.

आता अडलंय ते मजकुरावर. काही जण म्हणतायत 'थोर समाजसुधारक रावबहादूर सीताराम केशव बोले' एवढं लिहा, खाली जन्म-मृत्यूची तारीख टाका, झालं. मला ते अजिबात पटत नाहीये, कारण असा फलक कुणाचाही असू शकतो. बोल्यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला की सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, आणि तो पास झाला. मग जानेवारी १९२४ मधे महाडच्या नगरपालिकेने त्याच ठरावाला धरून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, पण कागदावरच, प्रत्यक्षात पाणी कुणी भरू देत नव्हतं, म्हणून तर २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले. म्हणजे आमच्या रस्त्याचं नाव थेट महाडला जाऊन पोचतं!

यावर एका काकांचं म्हणणं, फलक बोल्यांचा आहे, महाड कशाला? मला वाटतं महाडशिवाय त्या ठरावाचं वजन कळतच नाही. शिवाय ठराव नुसताच पडून राहतोय म्हटल्यावर १९२६ मधे त्यांनी परत ठराव आणला, की जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हे अमलात आणणार नाही त्यांची सरकारी ग्रँट बंद करा. मला हा माणूस तिथे सगळ्यात जास्त आवडला, त्यामुळे हे वाक्य गाळायला हातच होत नाहीये. गिरणी कामगारांसाठी त्यांनी कामगार हितवर्धक सभा काढली होती, तेही घ्यायचंय, आणि जागा जेमतेम साठ-सत्तर शब्दांची.

तर विचारायचंय ते हे. वरच्यातलं काय ठेवाल, काय काढाल? कुणी चार-पाच ओळी लिहून दिल्या तर फारच बरं होईल, फुटपाथवरून चालता चालता वाचता येतील अशा. 'अस्पृश्य' हा शब्द तसाच ठेवायचा का 'त्या काळी अस्पृश्य मानलेले' असं लिहायचं? मला दुसरं बरोबर वाटतं पण ओळ लांबते. 'रावबहादूर' ठेवावं का?

भिंत आमचीच आहे पण फलकाचं तोंड रस्त्याकडे, मग वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते का, कुणी असं काम केलं असेल तर अर्जात काय लिहिलं तेवढं सांगा. ग्रॅनाइटवर कोरलेलं टिकतं का स्टीलवरचं? आमच्या भिंतीवर सारखी पोस्टरं चिकटवतात, आणि ती खरवडून काढताना अक्षरं जायला नकोत. दगडवाल्याला मजकूर पुढच्या रविवारी द्यायचाय.