[मंडळ-गप्पा] घरचा कॉम्प्युटर: नवा घ्यावा की आहे तोच सुधारावा?

प्रेषक: शुभा, एडिसन
नमस्कार मंडळी,
हळदीकुंकवाच्या धाग्यात हे घुसडायला नको म्हणून वेगळा मेल करते आहे. आमच्याकडे २०१४ सालचा डेस्कटॉप आहे. सकाळी बटण दाबून मी कुकर लावते. तिसऱ्या शिट्टीला पडदा दिसतो, क्रोम उघडायला चौथी लागते. त्यात ऑक्टोबरपासून विंडोज १० चा सपोर्ट संपल्याच्या पाट्या येतात. जवळच्या दुकानात नेला, तर काउंटरवरच्या मुलाने झाकणसुद्धा न उघडता 'मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किटबोर्ड, थकलाय' म्हणून निकाल दिला आणि नऊशे डॉलरचं, आत लाल-निळे दिवे लागणारं यंत्र दाखवलं.

आमची कामं म्हणजे मेल, इथली न्यू जर्सीची आणि पुण्याची बँक, नातवाशी झूम, फोटो आणि मंडळाच्या दिवाळी अंकाचं टायपिंग. ह्यांचं म्हणणं, घेऊन टाकू एकदाचा. माझं म्हणणं, नऊशे डॉलर मोजून यातलं कुठलं काम जास्त चांगलं होणार आहे, ते आधी कळू दे.
शुभा

प्रेषक: निनाद, प्लेन्सबरो
काकू,
मदरबोर्ड थकत नाही. तो सहसा एकतर चालतो, नाहीतर बंद पडतो. तुमचं लक्षण वाचून माझा संशय हार्ड डिस्कवर आहे, पण मेलवरून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तेव्हा एवढं बघा: कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क असे आलेख दिसतील. डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली आणि सीपीयू दहा-वीसवर निवांत, असं असेल तर चोर सापडला. तिथेच सीपीयूवर टिचकी मारलीत की प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं, तेही कळवा.

असं का होतं ते सांगतो. जुन्या डिस्कमध्ये खरोखरची तबकडी असते, बहुतेक डेस्कटॉपमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली यायला दरवेळी सरासरी दहा-बारा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे डिस्कभर विखुरलेले वाचावे लागतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. प्रोसेसर तोच आणि रॅम तीच ठेवून नुसती एसएसडी घातली तरी तुमची तिसरी शिट्टी व्हायची नाही.
निनाद

प्रेषक: शुभा, एडिसन
बघितलं. डिस्क १००, सीपीयू १४. मेमरी ८ जीबी, त्यातली साडेचार वापरात. नाव: इंटेल कोअर आय५-४५९०. शेजारच्यांनी तर रॅम वाढवायला सांगितली होती.
शुभा

प्रेषक: निनाद, प्लेन्सबरो
म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आठातली साडेचार वापरात असताना रॅम वाढवून काय मिळणार? ४ जीबी असती तर गोष्ट वेगळी. शिवाय तुमच्या यंत्राला डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम लागते, ती पुढच्या कुठल्याच यंत्रात बसणार नाही. एसएसडी मात्र काढून दुसरीकडे लावता येते. २.५ इंची, साटा नावाच्या जोडणीची, ५०० जीबीची घ्या. केबल जुन्या डिस्कचीच चालते.
निनाद

प्रेषक: अविनाश, पार्सिपनी
निनाद, तुझं निदान बरोबर आहे, पण तू अर्धंच सांगितलंस. आय५-४५९० म्हणजे इंटेलची चौथी पिढी. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते. म्हणजे एसएसडी घातली तरी वहिनींचं यंत्र विंडोज १० वरच राहणार, आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आडवाटेने ११ बसवता येतं, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, पण अशा यंत्रांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावर दोन देशांच्या बँका उघडतात, तिथे हा खेळ नको.

माझं मत: नवाही नको आणि जुन्यावर खर्चही नको. ऑफिसांतून तीन-चार वर्षांनी भाडेकरार संपून परत येणारे डेस्कटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त केलेले, म्हणून विकायला असतात, तो घ्या. पत्रा जाड, आवाज कमी, दिवे नाहीत. मेल, बँक आणि झूमला तो पुढची पाच वर्षं पुरेल. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे आतच १६ जीबी असलेलं यंत्र आत्ता जास्त परवडतं.

फक्त आकडा वाचायला शिका. आय५-८५०० मध्ये डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-१०५०० असेल तर दहावी. आय५-६५०० किंवा ७५०० वर 'विंडोज ११ सह' असं लिहिलेलं दिसलं तर समजा, विक्रेत्याने ती आडवाट वापरली आहे. जाहिरातीत 'क्वाड कोअर आय५' एवढंच मोठ्या अक्षरात लिहून पुढचा आकडा गाळतात ते उगीच नाही. आणि आय७ च्या मोहात पडू नका. चौथ्या पिढीच्या आय७ पेक्षा आठव्या पिढीचा आय५ केव्हाही बरा.
अविनाश

प्रेषक: निनाद, प्लेन्सबरो
अविनाशदादा, आडवाट नको हे मान्य. पण विंडोज १० वर लगेच उघड्यावर पडायची वेळ नाही. घरगुती यंत्रांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' दिसेल. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. त्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. यात नव्या सोयी मिळत नाहीत, फक्त भोकं बुजवली जातात. काकूंनी हे आजच करावं, बाकीचं काहीही ठरो.
निनाद

प्रेषक: यादी-व्यवस्थापक
मंडळी, उत्तर देताना खालचा जुना मजकूर कापा. डायजेस्ट (सगळे मेल एकत्र) घेणाऱ्यांना कुकर सात वेळा वाचावा लागतो आहे. तिळगुळाची ऑर्डर कोणी घेतली आहे ते हळदीकुंकवाच्या धाग्यातच कळवा.

प्रेषक: वैशाली, प्रिन्सटन
शुभाताई, हार्डवेअरमधलं मला कळत नाही, पण अंकाची फाईल हातात येते माझ्या, म्हणून बोलते. तुमच्या यंत्रावर मंडळाचे जुने अंक आहेत ना, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये टाइप केलेले? ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत. तिथे 'क' दिसतो तो फाँटची करामत असते, फाईलमध्ये भलतंच रोमन अक्षर साठवलेलं असतं. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडलीत की अख्खं संपादकीय म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि उलटसुलट चिन्हांचा चिवडा. मागच्या वर्षी एका जुन्या लेखकांची कथा मला अशीच आली होती. सुदैवाने त्यांच्याकडे छापील प्रत होती.

तेव्हा हलवाहलवीआधी, जुनं यंत्र चालतंय तोवर, प्रत्येक अंकाची पीडीएफ काढा, फाँट आत बसवून. त्यातही मजकूर आत जुनाच राहतो, पण निदान डोळ्यांना मराठी दिसतं. ज्या लेखांचा पुन्हा वापर करायचा आहे ते युनिकोडमध्ये बदलून ठेवा. त्याची परिवर्तकं मिळतात. पण रफार आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांखालून घालावीच लागतात, 'सूर्य'चा पार खेळखंडोबा होतो. नव्या टायपिंगला वेगळं काही विकत घेऊ नका. विंडोज १० मध्येच २०१९ च्या मे महिन्याच्या अपडेटपासून मराठी फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्ड, आहे, ११ मध्येही आहे.

आमच्याकडे स्वतः मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली वापरते. अशाच चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवर छान चालतं, मराठीही टाइप होतं. तुम्हाला मात्र तो सल्ला देणार नाही. प्रिंटर अडला की तुम्ही फोन कोणाला करायचा ते ठरलेलं नसेल, तर फुकटची गोष्टसुद्धा महागात पडते.
वैशाली

प्रेषक: शुभा, एडिसन
सगळ्यांचे आभार. घरात चर्चा झाली, 'हे' दोनदा रुसले, आणि असं ठरलं: एनरोल आज सकाळीच केलं, फुकटवालं. अंकांच्या पीडीएफ वैशाली सांगेल तशा मी काढते. २००६ चा अंक उघडतच नाही, तो तुझ्याकडे पाठवू का? एसएसडी आत्ताच घेते, म्हणजे हे वर्ष सुखाचं जाईल. सप्टेंबरात रिफर्बिश्ड बघू, आठवी पिढी किंवा पुढची, आणि हीच एसएसडी त्यात जादाची म्हणून फोटोंसाठी लावू. लाल-निळे दिवे रद्द.

निनाद, तू रविवारी हळदीकुंकवाला बायकोला सोडायला येणारच आहेस. त्याच वेळी डिस्क बदलून देशील का?
शुभा

प्रेषक: निनाद, प्लेन्सबरो
येतो. तोवर दोन कामं. एक, क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम चालवून बघा. डिस्कच्या नावापाशी निळं 'गुड' असेल तर आहे तशी कॉपी नव्या डिस्कवर उतरवता येईल, विंडोज नव्याने घालायला नको. पिवळं 'कॉशन' असेल तर माझी वाट न बघता फोटो आणि अंक आधी बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. दोन, जीमेल आणि बँकेचे पासवर्ड क्रोमच्या भरवशावर असतील तर वहीत लिहून ठेवा.

जुनी डिस्क लगेच पुसू नका, महिनाभर तशीच कपाटात राहू दे. सप्टेंबरात डेस्कटॉप काढाल तेव्हा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, न्यू जर्सीत २०११ पासून कॉम्प्युटर कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. काउंटीच्या ई-वेस्ट केंद्रावर घेतात. डिस्क मात्र देण्याआधी माझ्याकडे द्या, ड्रिलने भोकं पाडून देतो.
निनाद

प्रेषक: वैशाली, प्रिन्सटन
२००६ चा पाठवा. बरोबर फाँटची फाईलही जोडा, नुसता अंक नको.