प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसोपचार: घरच्यांनाही आत बोलवावं का?

सत्तरीकर
गोव्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं माझं ठाम मत आहे. रुग्णाशी एकट्याने बोलणं आणि गरज पडली तर घरच्यांना बसवून बोलणं, दोन्ही तिथेच व्हावं. आज मानसोपचार म्हटलं की बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय. वाळपईच्या आतल्या गावातून तिथवर जायचं म्हणजे बस बदलत दिवस मोडतो, रोज बुडतो आणि परतल्यावर शेजारी विचारतात ते वेगळंच. मग माणूस जातच नाही. तो जवळच्या केंद्रात जातो, ‘जीव बरो ना’ म्हणतो, झोप नाही, अंग दुखतं, छाती धडधडते असं सांगतो आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन घरी येतो.

हे जमतं याचा पुरावा गोव्यातच आहे. १९९६ साली इथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने पदवीधर मानसतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केलं. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवरचा त्यांचा ‘मानस’ अभ्यास २४ दवाखान्यांत झाला, १२ सरकारी, १२ खासगी. निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत समुपदेशकाची मदत मिळालेले ६५.९ टक्के सहा महिन्यांत बरे झाले, न मिळालेले ४२.५ टक्के. पुढे दहा प्राथमिक केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास झाला. सहा ते आठ भेटी, रोजच्या जगण्यातली सुटलेली कामं हळूहळू पुन्हा धरायला लावणं, एवढाच गाभा. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार जरा सुधारून दिलेल्या गटात ३९ टक्के. मग अजून कसली वाट बघायची?

कुळागर
सत्तरीकर, त्याच ‘मानस’चा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. खासगी दवाखान्यांत समुपदेशक असून-नसून फरक पडला नाही. म्हणजे खोली आणि माणूस दिला की काम झालं, असं नाही.

माझा खरा विरोध घरच्यांना बोलावण्याला आहे. आपली केंद्रं लहान. केसपेपर काढणारा गावातला, औषधं देणारी वाड्यावरची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, पण बाकड्यावर बसलेल्या चार जणींच्या डोळ्यांना कायदा कसा लागू करणार? त्यात सून आत आणि सासू, नवरा समोर. ती काय बोलेल? जे बोलेल त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागेल. मारहाण होत असलेल्या घरात नवरा-बायकोला एकत्र बसवणं धोक्याचं आहे, आणि हे ओळखायला थोड्या दिवसांचं प्रशिक्षण पुरणार नाही.

सत्तरीकर
खासगीतला मुद्दा बरोबर, पण तिथे समुपदेशक नसलेल्या दवाखान्यांतही लोक चांगल्या प्रमाणात बरे झाले होते. ओळखीचा डॉक्टर, हाताशी वेळ. तो वेळ सरकारी केंद्रात कुणाकडेच नाही, म्हणून तर तिथे समुपदेशक हवा.

मारहाणीबद्दल: त्या दहा केंद्रांतल्या अभ्यासात समुपदेशन मिळालेल्या बायकांमध्ये नवऱ्याकडून होणारी मारहाण कमी नोंदली गेली, आत्महत्येचे विचारही कमी. बाईचं मन थाऱ्यावर आलं की घरातली गणितं थोडी बदलतात, असं मी समजतो.

कुळागर
त्या बायकांशी मुख्यतः एकेकटीने बोलणं झालं होतं. तुम्ही त्यावरून कुटुंबाच्या बैठकीचा निष्कर्ष काढताय. तो निघत नाही.

तिन्हीसांज
टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, बाकड्यावर कुणी बघत नाही. खोलीचा खर्च कशाला?

परिचारिका_फोंडा
तिन्हीसांज, घरात फोन एक, तोही मुलाच्या हातात. दोन खोल्यांच्या घरात बाई फोनवर रडणार कुठे? नंबर हवाच, पण तो खोलीची जागा घेत नाही.

मी बारीकसारीक गोष्टी सांगते, कारण योजना तिथेच मोडते. लसीकरणाच्या दिवशी केंद्रात रिकामी खोली नसते. पडदा ओढून समुपदेशन होत नाही, आवाज बाहेर जातो. कंत्राटावर घेतलेली मुलगी जरा शिकते, रुग्णांना सवय होते आणि तिला कायमची नोकरी दुसरीकडे मिळते. त्या अभ्यासांत समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून गुण देत, वर तज्ज्ञ होते. हा भाग सरकारी कागदावर सगळ्यात आधी गळतो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. भ्रम होणारा रुग्ण आला, कुणी जीव देण्याचं बोलला, तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा हे समुपदेशकाला ठाऊक हवं.

आणि दारू. केंद्रात येते बायको, पिणारा घरी. कुळागर, तिथे नवऱ्याला न बोलावून कसं चालेल?

सत्तरीकर
नेमकं हेच. गोव्यातल्याच प्राथमिक केंद्रांत जास्त पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास झाला, एक ते चार भेटी. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा आधीच्या चौदा दिवसांत दारू अजिबात न घेतलेले ४२ टक्के, समुपदेशन न मिळालेल्या गटात १८. अर्थात जे पीत राहिले त्यांचं प्रमाण कमी झालं नाही, हेही सांगतो. पण एखाद्या घरात पगार दारूच्या दुकानाऐवजी घरी येऊ लागला, तर त्या घरातल्या मुलांचं काय काय बदलतं!

कुळागर
पिणारा स्वतः आला तर त्याच्याशी बोला, माझी ना नाही. माझ्या अटी अशा: पहिली भेट तिची एकटीची. घरच्यांना बोलवायचं का, कुणाला, हे तीच ठरवेल, आणि तिने नको म्हटलं तर विषय तिथेच थांबेल. केसपेपरवर कारण लिहायचं नाही. दर आठवड्याला आयपीएचबीचं कुणीतरी ध्वनिमुद्रणं ऐकेल, अर्थात रुग्णाने मुद्रणाला होकार दिला असेल तर. एवढं जिथे होईल तिथे एकेकट्याचं समुपदेशन उद्या सुरू करा. कुटुंबाच्या बैठका मात्र पहिलं वर्षभर नकोत.

सत्तरीकर
बाकी सगळं मान्य. वर्षभर थांबणं मान्य नाही. ती स्वतः म्हणाली की ‘सासूला तुम्हीच समजावून सांगा, माझं कुणी ऐकत नाही’, तर समुपदेशकाने तिला पुढच्या वर्षी ये म्हणायचं का?

परिचारिका_फोंडा
आमच्याकडे हे वाक्य बायका रोज म्हणतात. औषधाच्या खिडकीपाशी उभ्या राहून.