मदत हवी आहे: हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रंगीत रेषा कोल्हापुरात कुठं बघायला मिळतील?

मंडळी, लेक नववीत आहे. रदरफर्डचा १९११ चा अणू मी तिला आपल्या खासबाग कुस्ती मैदानावरून सांगितला: अख्खं मैदान म्हणजे सोन्याचा अणू धरला, तर केंद्रक म्हणजे मधल्या कुस्तीच्या हौद्यातला ज्वारीचा दाणा. ते पटलं. मग विचारते, "बाबा, फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकात पडत का नाही?" प्रश्न अगदी खरा, नील्स बोर या शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये यालाच हात घातला. ठरावीक कक्षा सांगितल्या, तर म्हणते, "ठरावीकच का?" इथं मी अडकलोय.

काल जुन्या सीडीवर सीएफएल दिव्याचा उजेड तिरका घेतला. हिरवा, तांबडा पट्टा सुटा दिसला, पोरगी हरखली. ठरावीक कक्षांची खूण अशा सुट्या रेषांतच दिसते, म्हणून आता हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषा तिला दाखवायची आहे. कुणाच्या कॉलेजात हायड्रोजनची डिस्चार्ज ट्यूब (वीज सोडली की आतला वायू उजळतो ती नळी) आहे का? सांगाल त्या वेळी येतो.