सेमीप्राईमला मराठीत काय म्हणायचं? ‘जोडमूळ’ चुकलं म्हणे

वल्हवकर: भाची नववीत आहे, रत्नागिरीला शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला तक्ता करून देतोय. संख्या घेतली १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे २ चा ६७वा घात वजा १. गणिती मर्सेननं १६४४ मध्ये ही मूळ संख्या म्हणून यादीत घातली, ल्युकासनं १८७६ मध्ये दाखवलं की नाहीये, पण अवयव त्यालाही सापडले नाहीत. ते १९०३ मध्ये कोलनं फळ्यावर गुणाकार करून दाखवले, तोंडातून चकार शब्द न काढता म्हणे. १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७, दोन्ही मूळ. तर अशा दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराला, म्हणजे सेमीप्राईमला, मी ‘जोडमूळ’ लिहिलं आणि बाईंनी लाल गोल केला. शब्द सुचवा, तक्ता परवा द्यायचाय.

फणसाचीआठळी: बाई बरोबर आहेत. जोडमूळ म्हणजे दोनाच्या फरकानं येणाऱ्या मूळ संख्या, ११ आणि १३ सारख्या, पाचवीतच शिकवतात. ‘अर्धमूळ’ करा.

वल्हवकर: अर्धमूळ ऐकून अर्धशिशी आठवते हो. आणि अर्धं काय आहे त्यात? दोन अख्खी मुळं आहेत.

मालवणी_तिरफळ: माका इचारशात तर पुस्तकच चुकलाहा. जोडकेळा बघलास मा? एकाच सालीत दोन. आमच्याकडे पोरींक खावंक दिणत नाय, जुळी होतत म्हणान. ११ नि १३ च्या मधी १२ बसलोहा, ती जोड कसली? ती शेजारी!

फणसाचीआठळी: लोकांच्या तोंडी बसलेला शब्द केळ्यासाठी बदलायचा का? उद्या म्हणाल ‘सहमूळ’ पण चूक, ८ आणि ९ सहमूळ आहेत, म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नाही, पण दोघांतला एकही मूळ नाही.

मालवणी_तिरफळ: तां पण चूकच आसा.

जुनीवही: मुळात ‘मूळ’च नको. वर्गमूळ, मूळ संख्या, मूळ नक्षत्र, एका शब्दानं किती ओझं वाहायचं? ‘दृढ’ घ्या, भास्कराचार्यांच्या लीलावतीतला आहे, अस्सल.

फणसाचीआठळी: लीलावतीत कुट्टकामध्ये (समीकरण सोडवायची जुनी रीत) भाज्य-हारातला सामाईक भाग काढून टाकला की उरतात ते दृढ. ते सहमूळच्या जवळचं झालं, प्राईमचं नाही. अस्सल म्हणून काहीही चिकटवू नका.

सुपारीबाग: शब्द माहीत नाही पण वस्तू माहितीये. श्रीवर्धनला आजीच्या खळ्यात सुपाऱ्या वाळत असायच्या, मी ओळी लावत बसायचो. एकदा ९१ होत्या. दोनाच्या लावल्या, तिनाच्या, पाचाच्या, दर वेळी एखादी उरायचीच. मी म्हटलं ही मूळ संख्या. आजी शाळेत गेलेली नाही, तिनं पायानंच सरकवून १३-१३ च्या ७ ओळी केल्या नि म्हणाली, घाई कशाला करतोस. ते ७ × १३ म्हणजे तुमचं सेमीप्राईमच की.

जुनीवही: सुंदर! बाकी ती मोठी संख्या आपल्या पद्धतीनं वाचून बघितली का कुणी? लीलावतीतली नावं परार्धावर संपतात, म्हणजे १ वर १७ शून्यं. म्हणून १४७५ परार्ध, ७ मध्य, ३ अंत्य, ९ जलधी... इथंच दम लागला. जलधी म्हणजे १ वर १४ शून्यं. समुद्राकाठी राहून ९ समुद्र एका संख्येत पहिल्यांदा बघितले.

वल्हवकर: मंडळी, तक्ता परवा आहे. शब्द??

मालवणी_तिरफळ: सुपारीबाग, ती सुपारी रोठा जातीची होती काय?

सुपारीबाग: रोठाच. दुसरी आजीनं खळ्यात टाकू दिली नसती.